तळच्या मडक्यातले पैसे

आजीच्या स्वयंपाकघरात, चुलीपासून लांबच्या कोपऱ्यात उतरंड होती. चुंबळीवर बसवलेलं भलंमोठं मडकं, त्यावर त्याहून लहान, त्यावर आणखी लहान, अशी पाच. सगळ्यात वरच्या बोळक्यात हळकुंडं. त्याखाली मेथ्या, त्याखाली डाळ, त्याखाली हुलगे. तळच्या मडक्यात जोंधळा, आणि जोंधळ्याच्या पोटात फडक्यात बांधलेले पैसे. ते मडकं उघडायचं तर वरची चार एकेक करून खाली घ्यावी लागत, म्हणून वर्षातून एकदा-दोनदाच उघडे. मुलीच्या बाळंतपणाला, बियाण्याला, एकदा आजोबांच्या आजारपणात. बायकांची बँक तळाला असे.

हे आठवायचं कारण एक शब्द आहे. पिरॅमिड. गेल्या पंधरवड्यात तो तीनदा समोर आला. आमच्या इमारतीतल्या एका शेजाऱ्यांनी दाराच्या चौकटीवर तांब्याचे छोटे पिरॅमिड बसवून घेतले. भाच्याच्या कंपनीत प्रशिक्षणाला आलेल्या गृहस्थांनी माणसाच्या गरजांचा पिरॅमिड काढून दाखवला. आणि ओळखीतल्या एका मुलाचा फोन आला, ‘काका, रविवारी फक्त एक तास द्या. प्लॅन बघा, पटला तरच पुढचं.’ पहिल्या दोन गोष्टींनी फारसं बिघडत नाही. तिसरीने घरं बसतात. पण तिन्हींत खोट एकच आहे. आकार पिरॅमिडचा आणि सगळ्यांची बोटं टोकाकडे. तळाला कोण आहे, हे कुणी विचारत नाही.

पिरॅमिड हा शब्द जिथे भेटेल तिथे पहिला प्रश्न तळाचा विचारावा, एवढंच मला आज सांगायचं आहे.

मुळात हा शब्द इजिप्तचा नाही. तिथले लोक त्या वास्तूला ‘मेर’ म्हणत. ग्रीक तिथे गेले आणि त्यांनी तिचं ‘पिरामिस’ केलं. ग्रीकांकडे गव्हाच्या एका गोड पदार्थाचंही हेच नाव होतं. त्या पदार्थाच्या आकारावरून ते दगडी डोंगराला चिकटलं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. अरबी माणूस आजही ‘हरम’ म्हणतो, अनेक असले की ‘अहराम’. इजिप्तमध्ये १८७५ साली स्थापन झालेल्या वृत्तपत्राचं नाव ‘अल-अहराम’ आहे ते त्यावरूनच. म्हणजे जगभर चाललेला शब्द हा बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी ठेवलेला. लांबून येणाऱ्याला आधी टोक दिसतं. दगड ज्यांनी ओढले त्यांना आधी काय दिसत असेल, याचा त्या नावाशी संबंध नाही.

मराठीतही तेच झालं. भूमितीच्या पुस्तकात पिरॅमिडला ‘सूची’ म्हणतात, चौकोनी सूची, त्रिकोणी सूची. सूची म्हणजे सुई, लक्ष परत टोकावर. भूगोलात ‘लोकसंख्या मनोरा’, विज्ञानात ‘ऊर्जेचा मनोरा’. मनोरा म्हटलं की उंची आली. खाली रुंद, वर निमुळत्या होत जाणाऱ्या रचनेसाठी आपल्याकडे घरातलाच एक शब्द होता, उतरंड. त्या शब्दातच उतरणं ऐकू येतं. उतरंडीकडे बघणारी बाई वरच्या बोळक्याची चिंता करत नाही. तळचं मडकं कलंडलं तर पाचही फुटतील, हे तिला ठाऊक असतं.

ऊर्जेचा मनोरा शिकवताना मुलांना वाघ कुठे ते हमखास विचारतात. गवत कुठे ते विचारत नाहीत. गवताकडून हरणाकडे, हरणाकडून वाघाकडे जाताना दर पायरीला ऊर्जेचा साधारण दहावा हिस्साच पुढे सरकतो. म्हणून वाघ थोडे आणि गवत अमाप लागतं. जंगल राखायचं म्हणजे आधी गवत राखायचं, हे त्या मनोऱ्याचं खरं सांगणं आहे. लोकसंख्येच्या मनोऱ्याचा तर तळच आता आक्रसतो आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा एकूण जननदर २ निघाला आणि महाराष्ट्राचा १.७. लोकसंख्या टिकून राहायला तो २.१ लागतो. वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत पट का घटतो, याचं अर्धं उत्तर त्या चित्राच्या खालच्या ओळीत आहे. ते शिक्षकांना दिसतं. नियोजन करणाऱ्यांनाही दिसायला हवं.

गरजांच्या पिरॅमिडबद्दल इतकंच, की मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लोच्या १९४३ च्या ज्या लेखाचा हवाला देतात त्या लेखात पिरॅमिड नाही. तो पुढे व्यवस्थापनाची पुस्तकं लिहिणाऱ्यांनी काढला. त्या चित्रातही अन्न, पाणी, झोप तळाला आहे. ज्या कंपनीत रात्रपाळीच्या माणसाला बसायला खुर्ची नाही, तिथे टोकावरच्या आत्मसिद्धीवर तासभर बोलू नये.

आणि दारावरचे तांब्याचे पिरॅमिड. शेजारी भले आहेत, त्यांच्या घरात खूप आजारपण झालं, म्हणून कुणी सांगितलं ते त्यांनी केलं. मला राग त्यांचा नाही, त्यांच्याकडून पैसे घेणाऱ्याचा आहे. इजिप्तचा पिरॅमिड हे थडगं आहे. राजाच्या देहाचं आणि सोबत पुरलेल्या धनाचं रक्षण व्हावं म्हणून तो बांधला, आणि जवळजवळ सगळे पिरॅमिड प्राचीन काळातच चोरांनी रिकामे केले. ज्या आकाराला आतलं प्रेत आणि सोनं राखता आलं नाही, तो पत्र्याचा करून चौकटीवर ठोकल्याने घरातल्या माणसाचं दुखणं बरं होणार नाही. त्या पैशात एक रक्ततपासणी झाली असती.

गिझाच्या मोठ्या पिरॅमिडविषयी मात्र थोडं थांबून बोलावं लागेल. खुफू राजाचा हा पिरॅमिड सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. मूळची उंची सुमारे १४६ मीटर, पायाची एक बाजू सुमारे २३० मीटर, दगड अंदाजे २३ लाख. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवलं की एक लाख माणसं आळीपाळीने वीस वर्षं राबली. सिनेमांनी त्यावर चाबूक आणि साखळदंड चढवले. मग १९९० साली पिरॅमिडच्या जवळच बांधकामावरच्या कामगारांची थडगी सापडू लागली. हाडांवर जड ओझ्याच्या खुणा होत्या, पण मोडलेली हाडं नीट बसवून जुळल्याच्याही खुणा होत्या. जवळच वस्ती निघाली, भट्ट्या निघाल्या, खाल्लेल्या जनावरांची हाडं निघाली. ते विकत घेतलेले गुलाम नव्हते. ती राजाची वेठ होती. वेठ म्हणजे सुख नव्हे, ते आपल्या लोकांना सांगायला नको. पण त्या वेठीला शिधा होता, इलाज होता आणि मेल्यावर राजाच्या शेजारी जागा होती.

त्याहून मोठी गोष्ट २०१३ साली मिळाली. लाल समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ नावाच्या जागी पुरातत्त्व अभ्यासक पिएर ताले यांच्या चमूला पपायरसचे तुकडे सापडले. लिहिलेला इतका जुना पपायरस जगात दुसरा मिळालेला नाही. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. त्याची टोळी तुरा इथल्या खाणीतून चुनखडीचे दगड नावेत घालून गिझाला पोचवत होती. आज कुठे होतो, दगड कधी भरले, मुक्काम कुठे पडला, असं दिवसागणिक लिहिलेलं आहे. सोबतच्या कागदांत धान्याचा आणि भाकरीचा हिशोब आहे. मला खुफूपेक्षा हा मेरेर जवळचा वाटतो. खुफूची सबंध अशी एकच मूर्ती सापडली आहे, हस्तिदंताची, साडेसात सेंटिमीटरची. तळहातावर मावते. आणि दगड वाहणाऱ्या टोळीच्या मुकादमाच्या वहीतून नाईल नदीवरचे दिवस आपण ओळीने वाचू शकतो.

मुकादम म्हटलं की आपल्याला ऊसतोड आठवते. साखरेच्या पोत्यापासून खाली उतरत गेलं की तळाला फडातला ‘कोयता’ लागतो. तिथे कोयता म्हणजे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. दोन माणसं मिळून मोजमाप एक. एकटा असेल तो अर्धा कोयता. उचल त्या जोडीच्या नावावर, काम दोघांचं, आणि बाईचं नाव वहीत बहुतेक वेळा वेगळं नसतं. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या टोळीची भाकर लिहून ठेवलेली आहे. आपल्या फडातल्या बाईचं नाव लिहायला आपल्याला अजून वही सापडत नाही.

पिरॅमिड बांधणाऱ्यांकडून आणखी एक शिकण्यासारखं आहे. दहशूरला खुफूचा बाप स्नेफ्रू याचा एक पिरॅमिड आहे, त्याच्या कडा मध्येच वाकलेल्या. सुरुवातीला चढ साधारण ५४ अंशांचा होता. निम्म्यात आल्यावर बांधकाम खचायची चिन्हं दिसली, तेव्हा त्यांनी वरचा चढ ४३ अंशांवर आणला. शेजारचा पुढचा पिरॅमिड पहिल्यापासूनच त्या मवाळ चढाने बांधला. खालचा दगड पेलत नाही म्हटल्यावर राजाचं टोक खाली आलं. इतकं शहाणपण साडेचार हजार वर्षांपूर्वी होतं.

आपल्याकडचा पिरॅमिड म्हणजे गोविंदाचे थर. गुरुपौर्णिमेपासून सराव सुरू होतो. तळाच्या थराला रुंद खांद्यांची, पाय रोवून उभी राहणारी माणसं निवडतात. त्यांच्याभोवती बाकीचे घट्ट कडं करतात. एक्का म्हणून वर जातो तो सगळ्यात हलका. चौदा वर्षांखालच्या मुलांना चढवायला मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालापासून मनाई आहे, आणि ती पाळायलाच हवी. दरवर्षी गोविंदा जायबंदी होतात, ते विसरून कौतुक करता येणार नाही. पण या रचनेचा एक गुण बघा. इथे तळाचा माणूस कोण आहे ते वरच्याला नावानिशी माहीत असतं. ज्याच्या खांद्यावर पाय दिला तो रोज भेटणारा असतो. थर कोसळला तर वरचा सगळ्यात उंचावरून पडतो. आणि जाणते लोक थर लागले कसे याच्याइतकंच उतरले कसे तेही बघतात.

आता तो रविवारचा प्लॅन.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मावसभावाने मला असाच एक प्लॅन बघायला नेलं होतं. तालुक्याच्या गावातलं मंगल कार्यालय. आदल्या दिवशीच्या लग्नाच्या माळा तशाच लोंबत होत्या. अडीचशे-तीनशे माणसं. शिक्षक, पोस्टमन, अंगणवाडीताई, नुकती डीएड झालेली मुलं, गावात ज्यांच्या शब्दाला किंमत असते अशी सगळी. टाय लावलेल्या एका तरुणाने पांढऱ्या बोर्डावर निळ्या पेनने एक गोल काढला. ‘हे तुम्ही.’ खाली दोन गोल. ‘हा तुमचा लेफ्ट, हा तुमचा राइट. तुम्हाला फक्त दोन माणसं आणायची आहेत. तुमच्या ओळखीत दोन माणसं नाहीत?’ हॉल हसला. जॉइनिंग सात हजार, त्यात एक सूटपीस. डावीकडे एक आणि उजवीकडे एक आयडी लागला की एक पेअर, पेअरला हजार रुपये. दोनखाली चार, चारखाली आठ, आठखाली सोळा. सोळा गोलांत बोर्ड भरला. त्याने खाली तीन टिंबं दिली आणि म्हणाला, ‘असंच पुढे.’ मग कुणाच्या तरी चेकची लॅमिनेट केलेली झेरॉक्स हातोहात फिरली आणि टाळ्या झाल्या.

सगळा फसवा व्यवहार त्या तीन टिंबांत होता. बोर्ड संपला म्हणून तो थांबला. माणसंही संपतात, हे त्याने सांगितलं नाही.

त्या रात्री मी त्यांच्याच पत्रकाच्या पाठीवर आकडेमोड केली. तुम्हीही करा, चौथीच्या मुलाला येईल. दर थराला दुप्पट. दहाव्या थरात १,०२४. सतराव्या थरापर्यंतची बेरीज दोन लाख बासष्ट हजार, म्हणजे एक मोठा तालुका संपला. सव्विसाव्या थरापर्यंतची बेरीज तेरा कोटी बेचाळीस लाख. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती, पाळण्यातली बाळं आणि अंथरुणाला खिळलेले म्हातारे धरून. महिन्याला एक थर लागला तरी दोन वर्षं दोन महिन्यांत महाराष्ट्र संपतो. सत्ताविसाव्या महिन्यात जो आत येईल त्याने दोन माणसं कुठून आणायची?

याच्या पुढचा हिशोब जास्त महत्त्वाचा आहे. दुपटीच्या रचनेत शेवटचा थर हा वरच्या सगळ्या थरांच्या बेरजेपेक्षाही एकाने मोठा असतो. म्हणजे योजना कधीही थांबो, दुसऱ्या महिन्यात किंवा विसाव्या, निम्म्याहून जास्त माणसं त्या क्षणी तळाला असतात आणि त्यांना छदामही मिळालेला नसतो. त्यांच्या वरच्याला एकच पेअर, हजार रुपये. त्याच्या वरच्याला तीन पेअर, तीन हजार. सात हजार परत यायला सात पेअर लागतात, म्हणजे आपल्याखाली तीन थर पुरे भरावे लागतात. खालचे तीन थर मिळून शंभरातली सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी माणसं होतात. इतकी नुकसानीत. सहा जणांचं जेमतेम मुद्दल सुटतं. उरलेले सहा फायद्यात, आणि त्यांचा फायदा म्हणजे त्या सत्त्याऐंशींचेच पैसे. सूटपीस बाजारात पाचशेला मिळत होता. नशीब, मेहनत, सकारात्मक विचार यांचा इथे काही संबंध नाही. सगळ्यांनी सारखीच मेहनत केली तरी शंभरातले सत्त्याऐंशी बुडणारच, कारण ते त्या आकारातच आहे.

म्हणून या योजनेला पिरॅमिड म्हणणं हासुद्धा पिरॅमिडवर अन्याय आहे. खरा पिरॅमिड खालून बांधतात. तळ पुरा झाल्याशिवाय वरचा दगड चढत नाही आणि टोकाचा दगड सगळ्यात शेवटी बसतो. इथे टोक आधी बसवलेलं असतं आणि त्याच्याखाली माणसं लटकवत नेतात. शेवटच्या माणसाच्या पायाखाली जमीनच नसते.

एक अख्खा देश यात गेलेला आहे. अल्बेनियात १९९६ मध्ये अशा योजनांत तिथल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांचे पैसे होते. लोकांनी घरं विकली, जनावरं विकली. या योजनांची देणी देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या जवळजवळ निम्मी झाली होती. १९९७ च्या सुरुवातीला त्या कोसळल्या, लोकांनी शस्त्रागारं फोडली, सरकार गेलं आणि सुमारे दोन हजार माणसं मेली.

आपल्याकडे तसं होत नाही. आपल्याकडे शांतता असते. आणि मला त्या शांततेची जास्त भीती वाटते.

सात हजार बुडालेला माणूस पोलिसांत का जात नाही? कारण त्याने कुणाला तरी जोडलेलं असतं. मेहुण्याला, वर्गमित्राला, शेजारच्या वहिनींना. तक्रार करायला गेला तर त्याच्याविरुद्ध तक्रार करणारे त्याच्याच आळीत उभे असतात. प्रत्येक जण एकाच वेळी लुटला गेलेला आणि लुटणारा. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेबद्दल हेच दाखवून दिलं होतं. ही साधी विषमता नाही, श्रेणीबद्ध विषमता आहे. प्रत्येकाच्या डोक्यावर कुणीतरी आहे आणि जवळजवळ प्रत्येकाच्या पायाखालीही कुणीतरी आहे. म्हणून तळातले सगळे एकत्र येऊन ती रचना उलथत नाहीत. मराठीत जातीची उतरंड म्हणतात ते याच अर्थाने. साखळी योजनावाल्यांनी हा आकार नवा शोधलेला नाही. खालचा माणूस दाखवला की वरचं ओझं सोसायची आपली जुनी सवय त्यांना आयती मिळाली. दोन्हींतलं दुःख सारखं नाही, हे मला कळतं. जातीच्या तळाला माणूस जन्माने टाकला जातो, इथे फॉर्म भरून जातो. पण गप्प बसवण्याची युक्ती तीच आहे.

कायदा याबाबत बराच स्पष्ट आहे आणि तो लोकांना माहीत नाही. बक्षीस चिठ्ठ्या आणि पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा १९७८ चा आहे. सभासद जोडण्यावर कमाई अवलंबून असलेली झटपट पैशाची योजना चालवणं त्याच्या तिसऱ्या कलमाने बंद आहे. आणि फक्त चालवणंच नव्हे, तिचं सभासद होणंही बंद आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०२१ च्या डिसेंबरात आलेल्या थेट विक्रीच्या नियमांत पिरॅमिड योजनेला नाव घेऊन मनाई केली आहे. ‘आमची कंपनी नोंदणीकृत आहे’ हे उत्तर पुरेसं नाही, कंपनीची नोंदणी कुणालाही करता येते. एकच प्रश्न विचारा. मला पैसे माल विकून मिळणार की माणूस आणून? माल कुणी बाहेरचा गिऱ्हाईक त्याच किमतीला हौसेने घेईल का? नसेल घेणार, तर माल म्हणजे निमित्त आणि तुमचा मेहुणा म्हणजे खरा माल.

मावसभावाने त्या दिवशी तिथेच पैसे भरले. मी केलेला हिशोब त्याला दाखवला, तो म्हणाला, ‘दादा, तू नेहमी निगेटिव्ह बोलतोस.’ हा शब्द त्याला दीड तासात शिकवला होता. त्याने डावीकडे आपल्या आईला लावलं, उजवीकडे एका मित्राला. मावशीला कुणी मिळेना. शेवटी तिने शेजारी भाजी विकणाऱ्या काकूंना गळ घातली. काकूंनी बचत गटातून सात हजार उचलले. तेव्हा मला आजीचं तळचं मडकं आठवलं. मडकं जाऊन बचत गट आला होता, पण पैसे त्याच थरातले, बायकांनी पोटाला चिमटा घेऊन ठेवलेले. असल्या योजनांना शेवटी तेच हवे असतात. वरच्या बोळक्यात हळकुंडांखेरीज काही नसतं, हे त्यांनाही माहीत आहे.

पाच महिन्यांनी कंपनीच्या कार्यालयाला कुलूप लागलं. मावसभावाला ज्याने जोडलं होतं त्या अपलाइनवाल्याने फोन बदलला. मावसभाव दुसऱ्या गावी नोकरीला गेला आणि दिवाळीलाही येईना.

मावशीने मात्र एक केलं. ती काकूंकडे गेली आणि म्हणाली, ‘कंपनी मी बघितलेली नाही. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून पैसे दिलेत.’ शिवणकामातून महिन्याला दोनशे प्रमाणे ती देत गेली. शंभर पानी वहीत तारीख, रक्कम आणि काकूंचा अंगठा, अशा पस्तीस ओळी आहेत. गटाचं व्याजही तिने वरून भरलं. ती वही मी पाहिली आहे. मेरेरच्या रोजनिशीची छायाचित्रं पाहिली तेव्हा मला तीच डोळ्यांपुढे आली.

रविवारी बोलावणाऱ्या त्या मुलाला मी घरी बोलावून घेतलं आहे. पत्रकाच्या पाठीवरचा हिशोब त्याच्यासमोर त्याच्याच हाताने करून घेणार आहे. तुमच्याकडे असा कुणी आला तर त्याला हाकलू नका, तोही तळाचाच आहे. हिशोब करायला लावा. पैसे भरले असतील तर पावती, मेसेज, पत्रकं जपून ठेवा आणि जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेत लेखी तक्रार द्या, एकट्याने नको, दहा जण मिळून. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आणि तुम्ही स्वतः कधी कुणाला आपल्याखाली जोडलं असेल, तर आज संध्याकाळी त्यांच्या घरी जा. कंपनीची वाट बघू नका.